सोसावें किती आणि कोणाचें?

सहनशीलतेची थोरवी गाण्याच्या बाबतींत आपल्या वाङ्मयाइतकें उदार वाङ्मय क्वचितच आढळेल. पृथ्वीस आपण ‘क्षमा’ हें नांव दिलें, तें ती सर्वांचे पाय मुकाट्यानें सोसते म्हणून. संतचरित्रांतील निम्म्या कथा छळाच्या आणि उरलेल्या निम्म्या त्या छळास दिलेल्या क्षमेच्या आहेत, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. परंतु त्याचबरोबर ही गोष्टहि नजरेआड करतां येत नाहीं कीं, सासुरवाशिणीपासून घरगड्यापर्यंत ज्यास ज्यास म्हणून सोसण्यावांचून गत्यंतर नव्हतें, त्यास त्यास ह्याच गुणाचा उपदेश पिढ्यान्‌पिढ्या करण्यांत आला. जो उपदेश नेहमीं वरून खालीं होतो आणि खालून वर सहसा होत नाहीं, त्याविषयीं विचारी मनानें थोडें सावध राहिलें पाहिजे. सोसणें हा सद्गुण खरा. पण कोणाचें सोसणें हा सद्गुण, आणि कोणाचें सोसणें हा केवळ आळस अथवा भय, हा प्रश्न आम्ही येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

असले प्रश्न ग्रंथांच्या पानांवर सोडविणें सोपें असतें. ज्याच्या अंगावर कोणी रेलून उभा नाहीं, त्यानें क्षमेचें महत्त्व सांगावें ह्यांत नवल तें काय! म्हणून ह्या प्रश्नाच्या परीक्षेसाठीं आम्हीं असें एक स्थळ निवडिलें आहे कीं, जेथें रोज ७० लाखांच्या आसपास प्रवासी ये-जा करितात आणि जेथें क्षमेचा कस दिवसांतून दोनदां लागतो. तें स्थळ म्हणजे मुंबईची उपनगरी आगगाडी, जिला लहानथोर सर्व लोक ‘लोकल’ ह्या नांवानें ओळखतात.

१८५३ च्या १६ एप्रिल रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी निघाली, तेव्हां तो एक उत्सव होता. १८६७ सालीं विरारहून मुंबईस गाडी येऊं लागली. १९२५ च्या ३ फेब्रुवारीस बोरीबंदर ते कुर्ला ह्या मार्गावर विजेची गाडी धांवली, आणि १९२८ सालीं पश्चिमेकडील मार्गावरहि बोरिवलीपर्यंत वीज आली. ह्या गाडीनें मुंबईस घडविलें हें निर्विवाद आहे. शहराचा आकार दक्षिणोत्तर पसरलेल्या एका चिंचोळ्या पट्टीसारखा. कचेऱ्या व बाजार दक्षिणेस, आणि मोकळी जमीन उत्तरेस. जसजशी जागा महाग होत गेली, तसतसें कुटुंबाचें बिऱ्हाड गिरगांव-दादर सोडून उत्तरेकडे सरकत गेलें, तें डोंबिवली, बदलापूर, वसई, विरार येथपर्यंत जाऊन पोंचलें. पण पोट मात्र बहुतांशीं दक्षिणेसच राहिलें. परळ-लालबागचा गिरणीकामगार चाळींतून पायीं गिरणींत जात असे. आज त्या गिरण्यांच्या जागीं कचेऱ्यांचे मनोरे उभे आहेत, आणि त्यांत काम करणारा कारकून चाळीस-पन्नास किलोमीटरांवरून येतो. माणसाचें काम आणि माणसाचें घर ह्यांच्यामध्यें जें अंतर पडलें, तें सर्व ह्या एका गाडीच्या पाठीवर लादण्यांत आलें.

त्याचा परिणाम रेल्वेच्या स्वतःच्याच परिभाषेंत नमूद आहे. ऐन गर्दीच्या वेळीं डब्यांत एका चौरस मीटर जागेंत १४ ते १६ माणसें उभीं असतात, आणि ह्या स्थितीस ‘सुपर डेन्स क्रश लोड’ अशी संज्ञा आहे. घरांत शेजारीं शेजारीं दोन-तीन पाट मांडले असतां जेवढी जमीन व्यापते, जवळजवळ तेवढी ही जागा. तेथें सोळा माणसें कशीं उभीं राहतात हें वाचकांनीं स्वतःच्या कल्पनेनें ठरवावें. आमचें लक्ष त्या संज्ञेकडे अधिक जातें. एखाद्या अनर्थास शास्त्रीय नांव मिळालें म्हणजे तो अनर्थ राहत नाहीं, तो एक प्रकार होऊन बसतो. प्रकाराची नोंद होते, मोजमाप होतें, तक्ते तयार होतात. आणि ही गोष्ट घडतांच कामा नये, हा मूळचा विचार हळूच मागें पडतो.

गर्दीहून अधिक छळणारी गोष्ट म्हणजे अनिश्चितता. पावसाळ्यांत रुळांवर पाणी सांचतें, कधीं सिग्नल बिघडतो, कधीं वरची तार तुटते. कित्येक ठिकाणीं दूरच्या गाड्यांस व उपनगरी गाड्यांस तेच रूळ वापरावे लागतात. गाड्या तीन-चार मिनिटांच्या अंतरानें एकीमागें एक येत असल्यामुळें एक गाडी थांबली कीं तिच्यामागील सगळी माळ थांबते. ह्या विलंबाची किंमत केवळ विलंबाच्या दिवशींच मोजावी लागते असें नाहीं. गाडी कदाचित् चुकेल, कदाचित् रखडेल, म्हणून जो मनुष्य रोज अर्धा तास लवकर निघतो, त्याचा तो अर्धा तास गाडी वेळेवर आली तरीहि गेलेलाच असतो. अर्धा तास जातां आणि अर्धा येतां असें धरिलें, तर वर्षाकाठीं कामाच्या तीनशें दिवसांत तीनशें तास होतात. हे तास कोणाचे? ते मुलांच्या अभ्यासाचे, म्हाताऱ्या आईजवळ बसण्याचे, स्वतःच्या झोंपेचे असतात. बायकांच्या डब्यांत संध्याकाळीं गुडघ्यावर पिशवी ठेवून मेथी निवडणाऱ्या किंवा मटार सोलणाऱ्या स्त्रिया ज्यांनीं पाहिल्या असतील, त्यांस हें अधिक सांगण्याची जरुरी नाहीं. हरवलेला वेळ त्या अशा रीतीनें मुठीमुठीनें परत मिळवीत असतात.

आतां ह्या गाडीच्या दाराशीं माणसाचें मन कसें चालतें तें पाहूं. फलाटावर उभा असलेला मनुष्य न्यायाच्या भाषेंत बोलतो. “आंत सरका, आंत पुष्कळ जागा आहे, आम्हांलाहि कामावर जायचें आहे,” असें त्याचें म्हणणें असतें, आणि तें खरें असतें. तोच मनुष्य पायरीवर पाऊल टेंकून आंत शिरला कीं पुढील स्टेशनावर त्याचें मत पार पालटतें. आतां तो म्हणतो, “जागा कोठें आहे? मागून दुसरी गाडी येत आहे.” ह्या दोन मतांत अवघें तीन-चार मिनिटांचें अंतर आहे. मालमत्ता, जाति, देश, भाषा ह्यांविषयींचे मोठमोठे वाद ज्यांनीं ऐकिले आहेत, त्यांस ह्या लहानशा दृश्यांत त्या सर्वांचें बीज दिसेल. जो आंत आला त्यास आपण उशिरां आलों होतों ह्याचें विस्मरण होतें, आणि जो बाहेर आहे त्यास आपणहि आंत गेल्यावर असेंच बोलूं ह्याची जाणीव नसते.

ह्याहून कठोर रीतिहि तेथें रूढ झालेल्या आहेत. विरारला जाणाऱ्या जलद गाडींत अंधेरी-बोरिवलीचा प्रवासी चढला, तर दूरच्या प्रवाशांनीं त्यास उतरूं न देणें, दार अडवून धरणें, प्रसंगीं मारहाण करणें, असे प्रकार घडलेले आहेत. दूरच्या प्रवाशाची बाजू अगदींच पोकळ नाहीं; त्याला एकच गाडी, ह्याला अनेक. परंतु ह्या युक्तिवादाचा शेवट असा होतो कीं, दोन पीडित आपसांत न्यायालय भरवितात आणि त्यांतील अधिक पीडित तो दुसऱ्यास शिक्षा ठोठावतो. ज्यांनीं गाड्या किती असाव्या हें ठरविलें, ते ह्या खटल्यांत आरोपीहि नसतात आणि साक्षीदारहि नसतात.

तथापि एवढ्यावरूनच मनुष्यस्वभावाविषयीं निकाल देणें अन्यायाचें होईल. त्याच डब्यांत तीन माणसांच्या बांकावर चवथ्यास बसूं देण्याची चाल आहे. ती कोणत्याहि नियमावलींत लिहिलेली नाहीं, तिच्याविषयीं कोणी भाषण करीत नाहीं. उभ्या माणसानें नुसती खूण केली कीं तिघे सरकतात, आणि चवथा अर्ध्या अंगानें कां होईना, टेंकतो. उभ्या प्रवाशाची जड पिशवी बसलेला अनोळखी मनुष्य मांडीवर घेतो. दारांतला तरुण धांवत येणाऱ्यास हात देऊन वर ओढतो, त्याचें नांव-गांव विचारीत नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि गाड्या जागच्या जागीं थांबल्या, तेव्हां रुळांवरून व रस्त्यांवरून रात्रभर चालत निघालेल्या लोकांस ठिकठिकाणच्या रहिवाशांनीं पाणी, चहा, बिस्किटें आणि निवारा दिला. दार अडविणारा आणि हात देणारा हे दोन निराळ्या जातींचे लोक नव्हेत. पुष्कळदां तो एकच मनुष्य असतो. फरक एवढाच कीं, चवथ्या जागेच्या बाबतींत उद्यां आपणहि उभे असूं हें त्याला दिसत असतें, आणि दाराच्या बाबतींत तो विचार करण्यास त्याच्यापाशीं अर्ध्या मिनिटाचीहि सवड नसते. सद्गुणास सवड लागते. ज्या व्यवस्थेंत माणसास विचार करण्यास वेळच मिळत नाहीं, ती व्यवस्था त्याच्या शरीराबरोबर त्याच्या शीलावरहि भार घालते. तरीसुद्धां त्याच अर्ध्या मिनिटांत एक जण ढकलतो व दुसरा सांवरतो, हेंहि खरें आहे. म्हणून सगळा दोष परिस्थितीच्या माथीं मारून मनुष्यास मोकळें सोडतां येत नाहीं.

येथें आम्ही आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतों. ह्या प्रवासांत राग व क्षमा ह्या दोहोंचीहि भरपूर देवघेव चालते. पण ती उलट्या हातांनीं चालते, असें आमचें म्हणणें आहे. राग कोणावर? ज्याचें कोपर लागलें त्याच्यावर, ज्याच्या पाठीवर फुगलेली पिशवी आहे त्याच्यावर, जी बाई मूल घेऊन ऐन गर्दींत चढली तिच्यावर. त्याहून पुढें जाऊन, काल ह्या शहरांत आलेला मनुष्य आज आलेल्यावर रागावतो आणि सर्व गर्दीचें खापर त्याच्या डोक्यावर फोडतो. आणि क्षमा कोणास? पूल अरुंद ठेवणाऱ्यास, गाड्या अपुऱ्या ठेवणाऱ्यास, घोषणा करून ती वर्षानुवर्षें लांबविणाऱ्यास. त्यांच्याविषयीं आपण “चालायचेंच” ह्या एका शब्दानें मोकळे होतों. जो जवळ आहे आणि आपल्याइतकाच दीन आहे, त्याला क्षमा नाहीं. जो दूर आहे आणि ज्याच्या हातीं कांहीं करण्याचें सामर्थ्य आहे, त्याला क्षमाच क्षमा. ह्यास सहनशीलता म्हणावयाचें असेल, तर भित्रेपणा कशास म्हणावें हें सांगणें कठीण जाईल.

ह्या चुकीची किंमत नुसत्या मनस्तापाची नाहीं. २०१७ च्या २९ सप्टेंबर रोजीं, पावसाच्या सकाळीं, त्या वेळीं एल्फिन्स्टन रोड नांव असलेल्या स्टेशनाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसें मेलीं. तो पूल गर्दीस अपुरा आहे हें त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकास ठाऊक होतें, आणि रुंद पुलाची मागणी पूर्वीपासून होती. पुढें लष्कराच्या साहाय्यानें नवा पूल बांधण्यांत आला व तो २०१८ च्या फेब्रुवारींत, म्हणजे पांच महिन्यांच्या आंत, खुला झाला. ह्याचा अर्थ सरळ आहे. पूल बांधण्याची शक्ति होती, विद्या होती, पैसाहि होता. उणीव होती ती निकडीची, आणि ती २३ प्रेतांनीं भरून काढिली. २०२५ च्या ९ जून रोजीं सकाळीं दिवा व मुंब्रा ह्या स्टेशनांच्या दरम्यान, एका वळणावर, परस्परांजवळून जाणाऱ्या दोन भरलेल्या गाड्यांच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी खालीं पडले आणि किमान चार जण प्राणांस मुकले. हे प्रसंग वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत छापले गेले म्हणून आपणांस आठवतात. एरव्हीं, अलीकडच्या वर्षांतहि ह्या मार्गांवर रूळ ओलांडतांना, गाडींतून पडून व इतर कारणांनीं दरवर्षीं दोन हजारांहून अधिक माणसें मरत आलीं आहेत, आणि हीं मरणें सुटीं सुटीं येत असल्यामुळें त्यांचा गवगवा होत नाहीं.

अशा वेळीं एक युक्तिवाद हटकून ऐकूं येतो: “त्यानें दारांत लोंबकळायलाच नको होतें.” हा युक्तिवाद वरवर पाहतां नीतीचा वाटतो, कारण त्यांत व्यक्तीची जबाबदारी सांगितलेली असते. पण जबाबदारी तेथेंच असूं शकते, जेथें निवड असते. आंत जागा नसलेली गाडी सोडून द्यावी तर पुढली तशीच येते, आणि तिसरी येईपर्यंत कचेरींत नांवापुढें लाल शेरा पडलेला असतो. ह्या बाबतींत कायद्यानें आपल्या लोकमताहून अधिक शहाणपण दाखविलें आहे. गाडींत चढतां-उतरतां झालेल्या मृत्यूची नुकसानभरपाई केवळ प्रवाशाच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखवून नाकारतां येणार नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिला. मेलेल्याची चूक मोजण्यापूर्वीं त्याला किती वाव होता तें मोजावें, हें तत्त्व त्यांत आम्हांस दिसतें.

सोशिकपणाच्या स्तुतीविषयींहि येथेंच बोललें पाहिजे. २००६ च्या ११ जुलै रोजीं संध्याकाळीं पश्चिम मार्गावरील गाड्यांत सात बाँबस्फोट होऊन २०० च्या आसपास माणसें मृत्युमुखीं पडलीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं लोक त्याच मार्गावरील गाड्यांत चढून कामावर गेले. त्यांच्या धैर्याचें कौतुक सर्वत्र झालें, आणि तें धैर्य खोटें होतें असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. परंतु ज्यास एक दिवसाचा खाडा परवडत नाहीं, त्याच्या कामावर जाण्यांत धैर्य किती आणि निरुपाय किती, हें वेगळें करून पाहण्याचें कष्ट स्तुति करणारांनीं घेतले नाहींत. ज्याच्या सहनशीलतेमुळें आपलें काम हलकें होतें, त्याच्या सहनशीलतेची स्तुति करणें हा स्तुतीचा फार स्वस्त प्रकार आहे.

कोणी म्हणेल, गर्दी तर पंढरीच्या वारींतहि असते. तेथें कोणी कोणावर वसकन् येत नाहीं, उलट एकमेकांस ‘माउली’ म्हणून पायां पडतात. मग दोष गर्दीचा कीं मनाचा? हा आक्षेप विचार करण्यासारखा आहे. गाडींतहि भजनी मंडळें टाळ वाजवीत जातात, आणि दसऱ्याच्या सुमारास प्रवासी आपल्या डब्यास झेंडूचीं तोरणें बांधून त्याची पूजा करितात, हें आम्ही जाणतों व त्यांतील कृतज्ञता आम्हांस हृद्य वाटते. पण वारकरी आपण होऊन चालतो; त्याला उशीर होत नाहीं, त्याची मजुरी कापली जात नाहीं, आणि वाटेंत मागें पडला तरी त्याचा देव त्याच्यावर शेरा मारीत नाहीं. स्वेच्छेनें पत्करलेले कष्ट हें तप होय. दुसऱ्यानें लादलेले कष्ट हा दंड होय. ज्यानें अपराध केला नाहीं त्याला दंड भोगावयास लावून वर तपस्व्याचा आदर्श त्याच्यापुढें ठेवणें, हा तपाचाहि अपमान आहे.

ह्या दोन गोष्टी एकाच ठिकाणीं पण एकमेकींत न मिसळतां कशा नांदूं शकतात, ह्याचें उदाहरण आपल्या अलीकडच्या इतिहासांत आहे. गांधीजींनीं १९०९ सालीं ‘हिंद स्वराज्य’ ह्या पुस्तकांत आगगाडीसच मुळीं नांवें ठेविलीं होतीं. तरी पुढें ते तिसऱ्या वर्गानें देशभर हिंडले, आणि १९१७ सालीं त्या वर्गांतील प्रवाशांच्या हालांविषयीं त्यांनीं जाहीर तक्रार केली. त्या लेखांत मुंबईहून मद्रासेपर्यंतच्या प्रवासाचें वर्णन आहे. त्यांनीं प्रवाशांच्या घाणेरड्या संवयींचा उल्लेख टाळला नाहीं. पण त्या संवयींचें निमित्त करून रेल्वेच्या कारभारास सोडूनहि दिलें नाहीं. व्हाइसरॉयापासून संस्थानिकांपर्यंत वरच्या वर्गानें जाणाऱ्या मोठ्या लोकांनीं, आधीं वर्दी न देतां, मधूनमधून तिसऱ्या वर्गानें प्रवास करून पाहावा, अशी त्यांची सूचना होती. जो मनुष्य सहनशीलतेचा एवढा मोठा पुरस्कर्ता होता, त्यानेंहि डब्यांतील हाल मुकाट्यानें सोसणें हें व्रत मानिलें नाहीं. सहप्रवाशाशीं तो क्षमेनें वागला आणि कारभाऱ्यांशीं तक्रारीनें. आम्ही जो भेद करूं पाहतों, तो हाच.

राहिला प्रश्न पर्यायांचा, आणि तो आमच्या वाचकवर्गास अधिक जवळचा आहे. ज्याच्या हातांत चार पैसे आले तो गाडी सोडतो. कोणी मोटार घेतो, कोणी कचेरीजवळ घर भाड्यानें घेतो, कोणी घरीं बसून काम करण्याची सवलत मिळवितो. ह्यांत पाप आहे असें म्हणण्याइतके आम्ही कर्मठ नाहीं. मुलाबाळांच्या वाट्यास दोन तास अधिक यावे असें कोणास वाटणार नाहीं? परंतु प्रत्येक पर्यायाचा कांहीं भार मागें राहिलेल्यांवर पडतो, तो पाहिला पाहिजे. साठ माणसें एका बसमध्यें मावतात. तींच साठ माणसें एकेकटीं मोटारींतून निघालीं तर साठ मोटारी होतात, आणि त्यांच्यामागें ती बस अडकून पडते. १९२६ पासून मुंबईस मोटारबस आहे, पण बेस्टच्या स्वतःच्या बसगाड्यांची संख्या अलीकडच्या वर्षांत वाढण्याऐवजीं घटली. त्याच काळांत समुद्रकांठचा नवा रस्ता व समुद्रावरून जाणारे पूल मुख्यतः मोटारींसाठीं उभे राहिले. पुण्यास तर शहरी बसची आबाळ झाल्यामुळें घरोघर दुचाकी आली, आणि आतां त्या दुचाक्यांमुळें रस्ता ओलांडणें हें वृद्धांस संकट झालें आहे. जो तो आपली सुटका करून घेतो आणि सर्वांच्या सुटका मिळून सर्वांची कोंडी होते.

रेल्वेंतील सुधारणांतहि हाच पेंच आहे. २०१७ च्या २५ डिसेंबरास बोरिवली-चर्चगेट मार्गावर पहिली वातानुकूलित लोकल धांवली. तिचीं दारें मिटतात, म्हणून तिच्यांतून कोणी पडत नाहीं; हा केवढा तरी लाभ आहे. पण तिचें भाडें साध्या डब्याहून पुष्कळ अधिक. रूळ तेच आणि वेळहि तीच असल्यानें साध्या गाडीच्या जागीं ती घातली, कीं जे भाडें देऊं शकत नाहींत ते पुढील साध्या गाडीच्या दारांत लोंबकळूं लागतात. २०२२ च्या ऑगस्टांत कळवा व बदलापूर येथें प्रवाशांनीं ह्याच कारणासाठीं विरोध केला, तेव्हां मध्य रेल्वेनें नव्यानें सुरू केलेल्या कांहीं वातानुकूलित फेऱ्या मागें घेतल्या. तो विरोध गारव्यास नव्हता, तो अदलाबदलीस होता. मेट्रोची गोष्ट ह्याहून बरी आहे. २०१४ सालीं वर्सोवा-घाटकोपर मार्ग सुरू झाला, २०२५ सालीं भुयारी मार्ग कफ परेडपर्यंत पोंचला. ह्या मार्गांनीं कोणाची जागा हिरावून न घेतां नवी जागा निर्माण केली. सुखसोय जेव्हां नव्यानें निर्माण होते तेव्हां ती प्रगति होय. जेव्हां ती एकाच्या पानांतून काढून दुसऱ्याच्या पानांत वाढिली जाते, तेव्हां तें वाढपी बदलणें होय.

घरीं बसून काम करण्याची सवलत २०२० च्या साथींत पुष्कळांस प्रथम कळली. त्या वर्षीं मार्चांत लोकल बंद झाली; जूनांत ती पुन्हां निघाली ती केवळ अत्यावश्यक सेवेंतील लोकांसाठीं. त्या रिकाम्या दिसणाऱ्या गाड्यांतून कोण जात होतें? परिचारिका, सफाई कामगार, इस्पितळांतील नोकर. ज्यांच्यावांचून शहर एक दिवस चालत नाहीं, त्यांचेंच काम घरीं बसून करतां येत नाहीं, ही गोष्ट तेव्हां उघड झाली. तेव्हां ज्याला गाडी सोडतां येते त्याची सुटका हें त्याचें भाग्य समजावें, तो त्याचा पराक्रम नव्हे. आणि ह्या भाग्याबरोबर एक ऋणहि येतें. गाडी सोडणाराबरोबर बहुधा त्याची लेखणी, त्याची ओळखपाळख आणि अर्ज कसा करावा ह्याचें ज्ञानहि गाडींतून उतरून जातें. मागें राहतात ते ज्यांचें बोलणें वर पोंचत नाहीं असे लोक. आपल्या मध्यमवर्गानें सरकारी शाळा सोडल्या तेव्हां त्या शाळांविषयीं बोलणारें कोणी उरलें नाहीं. सरकारी इस्पितळें सोडलीं तेव्हां त्यांचेंहि तसेंच झालें. गाडीच्या बाबतींत हा प्रकार अजून पुरता झालेला नाहीं, कारण आमच्या घरांतील पुष्कळ माणसें अजून तिनेंच जातात. तेवढ्या अवधींत जें करावयाचें तें केलें पाहिजे.

काय करावयाचें? फार मोठ्या गोष्टी आम्ही सांगत नाहीं. प्रवाशांचे संघ ठिकठिकाणीं आहेत. त्यांच्या सभांस पांच-पन्नास डोकीं दिसतात, तेथें पांचशें दिसावीं. कचेऱ्यांचे चालक आमच्याच वर्गांतील असतात. सर्वांच्या कामाची वेळ एकच ठेवण्याचा हट्ट त्यांनीं सोडला व लाल शेऱ्याची घाई कमी केली, तर एक रूळहि न टाकतां दारांतील कांहीं माणसें आंत येतील. मत मागावयास येणारास रस्ते व पुतळे ह्यांच्याआधीं गाड्या, पूल आणि बसगाड्या ह्यांविषयीं विचारावें, आणि पांच वर्षांनीं तोच प्रश्न पुन्हां विचारण्याइतकी स्मरणशक्ति ठेवावी. तक्रार करणें हें हलकेपणाचें लक्षण आहे अशी एक समजूत सभ्य घरांत असते. ती सोडून द्यावी. स्वतःपुरती केलेली कुरकुर आणि सर्वांसाठीं केलेली तक्रार ह्यांत पुष्कळ अंतर आहे. पहिली मनास कडवट करिते, दुसरी त्यास काम देते.

आणि दुसऱ्या बाजूस, डब्यांत पाय ठेवतांच क्षमेचा सगळा सांठा शेजाऱ्यासाठीं मोकळा करावा. हें सांगणें सोपें व करणें कठीण आहे, हें आम्ही जाणतों. घामानें निथळत असतां दुसऱ्याचें कोपर बरगडींत रुतलेलें सोसणें ही सामान्य साधना नव्हे. पण तें कोपर ज्याचें आहे, त्याच्याहि बरगडींत तिसऱ्याचें कोपर आहे, एवढें जरी त्या क्षणीं स्मरलें तरी हात उगारला जात नाहीं. त्याच्यावर काढलेल्या रागानें एक पूलहि रुंद होत नाहीं, एक गाडीहि वाढत नाहीं. उलट ज्यांच्याकडे तो राग न्यावयाचा, त्यांच्यापर्यंत नेण्यास लागणारें बळ वाटेंतच खर्च होऊन जातें. शेजाऱ्याला क्षमा करणें हें म्हणून केवळ सौजन्य नव्हे. पुढील कामासाठीं बळ राखून ठेवण्याचा तो मार्गहि आहे.

मुलांना आपण शिकवितों कीं कोणी मारिलें तर उलट मारूं नये, आणि कोणी चुकलें तर क्षमा करावी. तें शिकवीत राहावें. परंतु त्याबरोबरच त्यांस हेंहि सांगावें कीं, क्षमा ही समोर उभ्या असलेल्या माणसास करावयाची असते; ज्या गोष्टी माणसांनीं ठरविल्या आणि माणसांस बदलतां येतात, त्यांना क्षमा करण्याचा अधिकार आपणांस नाहीं, कारण त्यांचा घाव आपल्या एकट्यावर पडत नाहीं. आपल्या वाट्याचें दुःख आपण सोसूं शकतों. दुसऱ्याच्या वाट्याचें दुःख त्याच्या वतीनें सोसल्याचें जाहीर करण्याची मुखत्यारी मात्र आपणांस कोणीं दिलेली नाहीं.